रिपोर्ट नॉर्मल आला तरी धाकधूक जात नाही, तेव्हा काय करावे

मंगळवारी काढलेला ईसीजी नॉर्मल येतो, डॉक्टर "काही नाही, निर्धास्त राहा" म्हणतात, घरी परतताना डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते आणि बऱ्याच दिवसांनी रात्री शांत झोप लागते. शुक्रवारी सकाळी जिना चढताना छातीत एक चमक येते आणि मनात पाल चुकचुकते: ईसीजी काढला तेव्हा तर दुखत नव्हते, मग त्यात दिसणार तरी कसे? पुढच्या सोमवारी टू-डी एको होतो, तोही नॉर्मल येतो, आणि आठवडाभरात तोच प्रश्न स्ट्रेस टेस्टच्या रूपाने पुन्हा दारात उभा राहतो. छातीच्या जागी डोके, पोट, मानेतली गाठ किंवा रक्तातील एखादा आकडा घातला तरी गोष्ट हीच राहते.

मी स्वतः या चक्रात जवळजवळ तीन वर्षे होतो. माझ्याच वयाचा एक सहकारी हृदयविकाराने अचानक गेला, त्यानंतरच्या महिन्यात मी पहिला ईसीजी काढून घेतला आणि बाहेर पडेपर्यंत फाइलमध्ये चौदा ईसीजी जमले होते. पुढे जे उपाय सांगितले आहेत ते मानसोपचारात रूढ असलेले आहेत. ते कोणत्या क्रमाने करावेत आणि कुठे पाय घसरतो, एवढेच माझ्या अनुभवातून आले आहे.

या भीतीला काय म्हणतात

वैद्यकशास्त्र याला आरोग्यचिंता म्हणते. पूर्वी 'हायपोकाँड्रिया' हा शब्द वापरात होता, परंतु त्यात हेटाळणीची छटा आली असल्यामुळे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणातून तो काढून टाकला. आजार असल्याची किंवा होण्याची भीती 6 महिन्यांहून अधिक काळ टिकून असेल, त्यामुळे वारंवार तपासणे किंवा उलट दवाखान्याला टाळणे सुरू झाले असेल, आणि कामावर, झोपेवर, घरच्या संबंधांवर त्याचा परिणाम होत असेल, तर ती साधी काळजी राहिलेली नाही असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेचे नवे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले आणि त्यात या विकाराची जागा मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, कुटुंबात आहे. ही जागा मला फार बोलकी वाटते. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या माणसाचे हात अस्वच्छ नसतात. धुतल्यावर मिळणारी सुटका त्याला पुन्हा नळाकडे नेते. आपला नळ म्हणजे पॅथॉलॉजी लॅब.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. जी लक्षणे जाणवतात ती खोटी नसतात, आणि "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे वाक्य म्हणूनच चुकीचेही आहे आणि क्रूरही आहे. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, त्याने हृदयाचे ठोके जोरात पडतात, स्नायू आखडतात, पोटात कळ येते. श्वास नकळत जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. छातीचे आखडलेले स्नायू खरोखरच दुखतात. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे हेही खरे असते. निरोगी माणसांना चोवीस तासांचे होल्टर यंत्र लावले तरी अनेकांच्या नोंदीत असे ठोके सापडतात. चूक असते ती त्या संवेदनेचा अर्थ लावण्यात.

आधी एकदा, एकाच डॉक्टरांकडे, नीट

तपासण्या थांबवण्याचा सराव सुरू करण्यापूर्वी एक तपासणी मात्र व्हायलाच हवी. एक फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन निवडावा, त्यांच्याकडे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट घेऊन जावे आणि आपल्याला कोणत्या शंका आहेत हे त्यांना एकाच बैठकीत सांगावे. त्याचबरोबर, आणि हे बहुतेकजण लपवतात, गेल्या वर्षभरात किती डॉक्टर झाले आणि किती तपासण्या झाल्या याचा खरा आकडाही सांगावा. मी तो पहिल्या दोन वर्षांत कोणालाच सांगितला नव्हता. प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर मी नवा रुग्ण म्हणून बसत होतो आणि त्यामुळे प्रत्येकजण प्रामाणिकपणे पहिल्यापासून तपासण्या लिहून देत होता.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांच्यासमोर पुढचा कोणताही सराव लागू होत नाही. छातीवर दाब येऊन घाम फुटणे आणि ती वेदना हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, तोंड अचानक वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, श्वास न पुरणे, शुद्ध हरपणे, असे काही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शौचातून किंवा खोकल्यातून रक्त येणे, प्रयत्न न करता वजन घटत जाणे, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, स्तनात नवी गाठ, तोंडात न भरणारी जखम, यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आरोग्यचिंता असलेल्या माणसालाही खरे आजार होतात, आणि म्हणूनच ही यादी डॉक्टरांकडून आपल्या वयानुसार व प्रकृतीनुसार नीट करून घेऊन लिहून ठेवावी. यादीत असलेल्या लक्षणासाठी जायचे, यादीत नसलेल्यासाठी पुढे सांगितलेली पद्धत वापरायची, हा नियम शांत मनाने एकदा ठरवलेला असला की घाबरलेल्या मनाला दर वेळी नवा निवाडा करावा लागत नाही.

तपासणीने भीती का वाढते

१९८६ साली पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटनमधील दोन अभ्यासकांनी या विकाराची जी उकल मांडली, तिच्यावर आजचे उपचार उभे आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, धीर मिळवण्यासाठी आपण जे जे करतो तेच भीतीला जिवंत ठेवते. नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की भीती झटकन खाली येते, आणि मेंदू त्यातून दोन गोष्टी शिकतो: पहिली, धोका खरोखरच होता आणि तपासणीमुळे आपण वाचलो, दुसरी, यापुढे असे वाटले तर हाच मार्ग. भीती आपली आपण ओसरली असती हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. दर वेळी सुटकेचा काळ थोडा आखूड होतो. माझा पहिला ईसीजी मला चार महिने पुरला आणि शेवटचा दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतही पुरला नाही.

यात एक सापळा असतो. आपण खात्री शोधत असतो, आणि "मला काहीही झालेले नाही, होणारही नाही" अशी खात्री जगातली कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. तपासणी आजची, त्या क्षणाची आणि त्या अवयवाची असते. त्यामुळे शंका घ्यायला जागा कायम उरतेच, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण जुन्या लोकांनी अनुभवातूनच केलेली आहे.

आकड्यांचे गणित समजून घ्यावे

मला सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर तो या गणिताचा, म्हणून इथे थोडे सविस्तर सांगतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक चाचण्यांसाठी निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. याचा अर्थ पूर्ण निरोगी असलेल्या शंभरातल्या पाच जणांचा आकडा त्या मर्यादेबाहेर जाणारच. आता चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून एका निरोगी माणसाच्या २० चाचण्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर घटक मोजले जातात. तेथे एकही आकडा इकडेतिकडे न होणे हीच नवलाची गोष्ट ठरेल, आणि त्या एका आकड्यापायी पुढची तपासणी, मग त्यातून निघालेली आणखी एक, असा प्रवास सुरू होतो.

दुसरे गणित आजाराच्या दुर्मीळपणाचे आहे. समजा, एखादा आजार दहा हजारांत दहा जणांना असतो, आणि त्याची चाचणी आजारी असलेल्या दहांपैकी नऊ जणांना पकडते व निरोगी शंभरातल्या पाच जणांना चुकून आजारी ठरवते. दहा हजार जणांची ती चाचणी केली तर खरे आजारी नऊ सापडतील आणि चुकून आजारी ठरलेले सुमारे पाचशे निघतील. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण लक्षणे नसताना आणि डॉक्टरांनी सांगितले नसताना स्वतःच्या मनाने 'ट्यूमर मार्कर', म्हणजे कर्करोगाचा इशारा देऊ शकणारे रक्तातील घटक, तपासून घेणाऱ्याने ते कागदावर एकदा मांडून पाहावेत. लक्षण असलेल्या, डॉक्टरांनी हात लावून तपासलेल्या माणसाची तीच चाचणी जास्त विश्वासाची का ठरते, हेही त्यातूनच कळते.

दक्षिण कोरियात काय झाले हे या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे इतर तपासण्यांबरोबर अल्प किमतीत मानेची सोनोग्राफी होऊ लागली, आणि २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले. मात्र त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. जे कर्करोग माणसाला जन्मभर कधीच त्रास देणार नव्हते ते शोधून काढले गेले, बहुतेकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि थायरॉइड काढलेल्यांच्या नशिबी कायमच्या गोळ्या आल्या. तपासण्याही निरुपद्रवी नसतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून मिळणारा किरणोत्सार हा निसर्गातून अडीच-तीन वर्षांत मिळणाऱ्या किरणोत्साराएवढा असतो. सरसकट आरोग्य तपासणीविषयीच्या १७ चाचणी-अभ्यासांचा, सुमारे अडीच लाख लोकांचा, एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये घेतला, त्यात अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही.

याचा अर्थ तपासण्या निरर्थक आहेत असा मुळीच नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सांगितली आहे, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रांत होते. ती करून घ्यावी. ठरावीक तपासणी ठरावीक अंतराने करणे आणि भीती वाटली म्हणून तपासणे, या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांचे काम वेगळे आहे. एचबीए१सी ही चाचणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते; ती दर पंधरवड्याला करणाऱ्याला नवी माहिती मिळत नसते, त्याला दर पंधरवड्याला धीर हवा असतो.

वही

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिल्या आठवड्यात काहीही थांबवू नये, फक्त लिहावे. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक वेळी वेळ, जाणवलेली संवेदना, मनात आलेला विचार, आणि त्यावर आपण काय केले, हे लिहावे. नाडी मोजली, आरशात जीभ पाहिली, मान चाचपली, मोबाइलवर शोधले, पत्नीला विचारले, डॉक्टर असलेल्या भाच्याला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला, हे सगळे 'केले' या रकान्यात यायला हवे. त्यापुढे भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यावेत: करण्यापूर्वी, केल्यावर दहा मिनिटांनी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. हा शेवटचा गुण लिहायला माणूस विसरतो, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात तपासण्यापूर्वी आठ, दहा मिनिटांनी तीन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सात-आठ, अशी ओळ इतक्या वेळा आली की कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

नाही म्हणू नये, नंतर म्हणावे

दुसऱ्या आठवड्यापासून थांबण्याचा सराव सुरू करावा. "यापुढे कधीच नाडी मोजणार नाही" अशी शपथ घेतली तर ती त्याच रात्री मोडते आणि वर अपराधीपणा येतो. त्याऐवजी "मोजेन, पण अर्ध्या तासाने" असे म्हणावे आणि घड्याळ लावावे. घाबरून जाण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागतो, त्यामुळे अर्धा तास संपतो तेव्हा तपासण्याची निकड आधीइतकी राहिलेली नसते. तरीही मोजावेसे वाटले तर मोजावे, आणि वहीत तसे लिहावे. चार-पाच दिवस अर्धा तास जमला की दोन तास करावेत, मग संध्याकाळपर्यंत, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. नवी तपासणी किंवा नवा डॉक्टर याबाबत पहिली मुदत सरळ ४८ तासांची ठेवावी. या काळात भीती घालवण्याचा प्रयत्न करू नये. भाजी चिरावी, बँकेचे काम करावे, मुलाचा अभ्यास घ्यावा, आणि भीतीला शेजारी बसू द्यावे. थांबल्यावर भीती वाढणारच. पहिले काही दिवस ती आधीपेक्षा जास्त वाटते आणि नेमके इथेच बहुतेकजण सोडून देतात, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे.

सोप्यापासून सुरुवात करावी. वहीतील सवयींना कठीणपणाचे गुण द्यावेत आणि तीन-चार गुणांची सवय आधी सोडायला घ्यावी. मान किंवा काख चाचपण्याची सवय लवकर सुटायला हवी, कारण सतत दाबल्याने ती जागा दुखू लागते आणि ते दुखणेच मग आजाराचा पुरावा वाटू लागते. शिवाय मानेत लहान, सरकणारी गाठ हाताला लागणे निरोगी माणसातही आढळते. रक्तदाबाचे मशीन डॉक्टरांनी वापरायला सांगितले असेल तर ते सांगतील त्या दिवशी, पाच मिनिटे शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि मशीन कपाटात ठेवावे. घाबरून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मोजले की आकडा चढतच जातो, कारण त्या वेळी मशीन आपली भीतीच मोजत असते. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर मशीन नातेवाइकाकडे द्यावे. कोरोनाच्या २०२१ मधील दुसऱ्या लाटेत घराघरात आलेले पल्स ऑक्सिमीटरही अनेकांच्या उशाशी अजून आहेत. त्या दिवसांत ते बोटाला लावण्याला कारण होते, आज निरोगी माणसाला ते नाही. मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांची सूचना बंद करावी आणि घरी येऊन रक्ताचे सॅम्पल नेणाऱ्या लॅबचे ॲप काढून टाकावे. मध्यरात्री दोन बोटांनी तपासणी ठरवता येणे ही सोय आपल्यासाठी नाही.

मोबाइलवर लक्षणे शोधणे हा माझा सर्वांत कठीण भाग होता. डोके दुखण्याची सर्वांत साधी कारणे ताण, अपुरी झोप, चहाची वेळ चुकणे ही असतात, परंतु शोधणाऱ्याची नजर यादीतील सगळ्यात भयंकर नावावर जाऊन थांबते, आणि त्या नावावर क्लिक केले की पुढे तेच दिसत राहते. मी ते प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू लागलो, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्यासाठी. भेटीचा दिवस येईपर्यंत अर्ध्याहून अधिक प्रश्न मलाच खोडावेसे वाटत.

भेट तारखेने, लक्षणाने नव्हे

डॉक्टरांशी एक ठराव करावा. भीती वाटली की जायचे, असे न ठेवता सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी एक ठरलेली भेट घ्यावी, लक्षणे असोत वा नसोत. यामुळे डॉक्टरांना भेटण्यासाठी आजारी वाटण्याची गरज राहत नाही. नवी तपासणी करायची की नाही हे त्याच डॉक्टरांनी ठरवावे, आणि दुसऱ्या कोणाकडे जायचे असल्यास त्यांना सांगून जावे. तपासणी सुचवली गेली तर "हिचा निकाल काहीही आला तरी माझ्या उपचारात काय बदलेल?" हा प्रश्न विचारावा. काहीच बदलणार नसेल तर ती तपासणी कोणासाठी आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कळते. तब्येत स्थिर राहिली की भेटींमधले अंतर दोन महिने, मग तीन महिने असे वाढवत न्यावे. असा वेळ देणारे डॉक्टर मिळणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. मला तिसऱ्या ठिकाणी मिळाले.

घरच्यांनी काय बोलावे

घरचे लोक प्रेमापोटीच धीर देतात आणि त्यांचा प्रत्येक धीर हीसुद्धा एक छोटी तपासणीच होते. "अगं, माझा चेहरा उतरलेला दिसतोय का?" या प्रश्नाला दिवसातून दहा वेळा "नाही हो, चांगले दिसताय" हे उत्तर मिळत असेल तर अकरावा प्रश्न ठरलेला आहे. चिडून "पुन्हा सुरू झाले तुमचे!" म्हणणे हाही उपाय नाही, त्याने माणूस एकटा पडतो आणि गुपचूप लॅबमध्ये जातो. म्हणून मन शांत असताना सगळ्यांनी एकत्र बसून एक उत्तर ठरवावे. आमच्या घरी ते असे होते: "तुम्हाला भीती वाटतेय ना? आपण अर्धा तास थांबू, मी इथेच आहे." या वाक्यात आजाराबद्दल होय किंवा नाही काहीच नाही, आणि सोबत मात्र पूर्ण आहे. माझ्या पत्नीला पहिले पंधरा दिवस ते म्हणणे फार जड गेले, कारण मला लगेच बरे वाटावे अशीच तिची इच्छा होती. मुलांना फार लहान वयात या चर्चेत ओढू नये, पण आई-बाबा सतत घाबरलेले का असतात हे त्यांच्या वयाला समजेल असे सांगून टाकावे, नाहीतर तीही स्वतःची नाडी मोजायला शिकतात.

टाळलेल्या गोष्टींकडे परत

तपासण्या कमी झाल्या तरी निम्मे काम उरते, कारण भीतीने बऱ्याच गोष्टी सोडायला लावलेल्या असतात. कोणी जिना टाळतो, कोणी एकट्याने प्रवास टाळतो, कोणी वर्तमानपत्रातले निधनवार्तांचे पान उलटूनच टाकतो, कोणी आजारी नातेवाइकाच्या समाचाराला जात नाही. मी दोन वर्षे एकाही अंत्यदर्शनाला गेलो नव्हतो आणि त्यात माझ्या सख्ख्या मावशीचेही होते. याही गोष्टी सोप्यापासून कठीणाकडे अशा क्रमाने परत सुरू कराव्यात. हृदयाबद्दल भीती असलेल्याने, डॉक्टरांनी व्यायामाला संमती दिल्यानंतर, मुद्दाम दोन मजले भराभर चढावेत आणि वर पोहोचल्यावर नाडी न मोजता उभे राहावे. धडधड वाढते आणि आपोआप खाली येते हे शरीराला अनुभवाने कळायला हवे. सुरुवातीला खिशात गोळी किंवा बरोबर माणूस असेल तर चालेल, पण तोही आधार पुढे सोडायचा आहे.

याच टप्प्यावर एक वाक्य रोज लिहिण्याचा सराव करावा: "मला गंभीर आजार कधीच होणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि तरीही मी आज ठरलेली कामे करणार आहे." पहिल्यांदा लिहिताना माझा हात थरथरला होता. पण खात्री मिळवण्याचा हट्ट सोडणे हेच या सगळ्या सरावाचे काम आहे.

मदत कोठे मिळते

सहा-आठ आठवडे मनापासून करूनही वहीतील गुण उतरत नसतील, झोप आणि भूक गेली असेल, उदासी असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. या विकारावर वर्तन-विचार उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, चांगली लागू पडते. ब्रिटनमध्ये रुग्णालयांच्या हृदय, पोट, मज्जासंस्था अशा विभागांत येणाऱ्या, आरोग्यचिंता असलेल्या ४४४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच ते दहा बैठकांनी झालेली सुधारणा दोन वर्षांनंतरही टिकलेली दिसली. काही जणांना मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांची जोड लागते. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. गोळीचे दुष्परिणाम वाचून घाबरणे या विकारात स्वाभाविक आहे, तेव्हा ही भीतीही डॉक्टरांना आधीच सांगावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखल न होताही उपचार घेता येतात.

भीती परत येते, ती येण्याचे दिवस बहुधा ओळखीचे असतात: ओळखीत कोणाचे निधन, घरात कोणाचे ऑपरेशन, स्वतःचा साधा ताप, वडील ज्या वयात गेले ते वय. अशा दिवसांत नवी वही काढावी आणि पुन्हा अर्ध्या तासापासून सुरुवात करावी. पहिल्या वेळेइतके दिवस लागत नाहीत. डॉक्टरांनी करून दिलेल्या यादीत नसलेले, सौम्य आणि न वाढणारे लक्षण असेल तर मी वहीत तारीख लिहून दोन आठवडे थांबतो, आणि ते तरीही असेल तर भेट ठरवतो. गेल्या श्रावणात उजव्या बरगडीखाली टोचत होते, म्हणून ९ तारखेला नोंद केली होती. २३ तारखेला ते पान उघडले तेव्हा टोचणे थांबून किती दिवस झाले हे मला सांगता येईना, म्हणून त्या ओळीपुढे "आपोआप थांबले, तारीख लक्षात नाही" एवढेच लिहिले.